नादाने डोळे उघडणारे दामलेमामा

भगवंताच्या नामाला चाल लागली की ते कानातून थेट काळजात उतरते, हे वारकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पहाटेचा काकडा असो, संध्याकाळचा हरिपाठ असो, वीणेकऱ्याने सूर धरला आणि पखवाजावर थाप पडली की दिवसभराचा शिणलेला जीव हलका होतो. कीर्तनात बुवा निरूपण करीत असतात तोवर आपण ऐकतो, मान डोलावतो. पण मागचे टाळकरी ध्रुपद उचलून धरतात, चाल चढत जाते, आणि मग नकळत डोळे भरून येतात. शब्द तेच, अर्थ तोच. फरक पडला तो नादाने.

हीच गोष्ट चित्रपटाच्या पांढऱ्या पडद्यावर करून दाखविणारे एक गृहस्थ आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव विष्णुपंत गोविंद दामले. प्रभात कंपनीतली लहानथोर मंडळी त्यांना दामलेमामा म्हणत. तुकोबारायांचे चरित्र ज्यांनी खेड्यापाड्यांतल्या माणसांपर्यंत पडद्यावरून पोहोचविले, त्या दोघांपैकी हे एक. चित्रपटवाल्याचे चरित्र आपल्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. हा लेख पुरा वाचल्यावर ज्याने त्याने ठरवावे.

दामल्यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1892 रोजी कुलाबा जिल्ह्यातील पेण गावी झाला. त्या जिल्ह्याला आता रायगड म्हणतात. हाताला चित्रकलेचे वळण होते आणि यंत्राची आवड होती. त्या काळी नाटक कंपन्यांना पडदे रंगवून देणारे कारागीर मोठ्या मानाचे असत. कोल्हापूरचे आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर ही त्या कामातली नामांकित जोडी. दामले त्यांच्या हाताखाली शिकले आणि कोल्हापूरचेच झाले. तिथेच त्यांना शेख फत्तेलाल भेटले. हे फत्तेलाल कोल्हापूरजवळच्या कागलचे, जातीने मुसलमान, आणि रंग व देखावा यांतले मोठे जाणकार. पुढे यांना साहेबमामा म्हणू लागले. दामलेमामा आणि साहेबमामा ही जोडी जन्मभर टिकली. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने समजायचे, असा त्यांचा व्यवहार. वारीत एका दिंडीत चालणाऱ्या दोन माळकऱ्यांना जसे एकमेकांचे पाऊल ठाऊक असते, तसे यांचे होते.

आनंदराव 1916 साली वारले. बाबूरावांनी मात्र हिंमत सोडली नाही. खटपट करून त्यांनी इथेच कॅमेरा तयार केला. त्या खटपटीत दामलेही होते. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला पैशाचा मोठा आधार दिला तो कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी. बघा, देवाची लीला कशी! चित्रे होती मुकी, पण ती उभी राहिली एका गाणाऱ्या बाईच्या पैशावर. 1920 साली या कंपनीचा सैरंध्री हा चित्रपट लागला आणि बाबूरावांचे नाव सर्वत्र झाले. दामल्यांनी त्या कंपनीत देखावे, कॅमेरा, फिल्म धुण्याची रसायनशाळा असे पडेल ते काम केले. 1928 साली त्यांनी आणि फत्तेलालांनी मिळून महारथी कर्ण हा चित्रपट दिग्दर्शित केला.

मूकपट मुके होते असे आपण म्हणतो, पण तंबूत किंवा थिएटरात बसलेल्या माणसाला ते अगदी मुके कधी वाटलेच नाहीत. पडद्याच्या पुढे पेटीवाला आणि तबलजी बसत, कुठे फिडलही असे. लढाई आली की तबला चौघडला पाहिजे, आई-मुलाची ताटातूट झाली की पेटीने रडले पाहिजे. वाजविणारा चांगला असला तर प्रेक्षक हेलावून जात. तो डुलक्या घेऊ लागला तर तेच चित्र निर्जीव वाटे. कोल्हापूरच्या माणसाला तर सुराची पारख आधीपासूनची. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेबांसारखे गवई होते, गावात देवल क्लबासारखी गायनाची जुनी संस्था होती. अशा गावात काम करणाऱ्या माणसाच्या कानावर ही गोष्ट रोज पडत होती की डोळा जे पाहतो त्याचा अर्थ कान सांगतो.

1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. कंपनीची खूण म्हणून तुतारी फुंकणारी स्त्री घेतली होती. पहिला चित्रपट गोपाळकृष्ण, तोही मूक. 14 मार्च 1931 रोजी मुंबईत आलम आरा हा पहिला हिंदी बोलपट लागला आणि सगळा धंदाच पालटला. चित्र बोलू लागले, गाऊ लागले. प्रभातलाही बोलावे लागणार होते. ध्वनिमुद्रणाचे काम कोण करणार? ते दामल्यांनी अंगावर घेतले. अडतीस-एकोणचाळीस वर्षांचा रंगारी माणूस, शाळाकॉलेजातले विजेचे शिक्षण नाही, आणि नव्या यंत्रापुढे बसून आवाजाची विद्या शिकू लागला. जिज्ञासा असली की वय आड येत नाही.

या विद्येची गंमत वाचकांनाही कळावी म्हणून दोन शब्द सांगतो. त्या काळी आवाज प्रकाशाच्या रूपाने फिल्मच्या कडेच्या बारीक पट्टीवर उमटवीत. मूकपट हाताने फिरवीत, त्याची गती कमीजास्त झाली तरी चाले. बोलपटाला ते चालत नाही. दर सेकंदाला 24 चित्रे अगदी नेमाने गेली पाहिजेत, नाहीतर गाणाऱ्याचा गळा पिचकतो किंवा घोगरा होतो. सुरुवातीच्या बोलपटांत गाणे वेगळे घेऊन मागून जोडण्याची सोय नव्हती. नटाने कॅमेऱ्यापुढे गायचे, वाजविणाऱ्यांनी दृष्टीआड बसून साथ करायची, मायक्रोफोन कुठेतरी दडवायचा, आणि दूर कुठे कुत्रे भुंकले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. अशा कामाला शांत डोक्याचा माणूस लागतो. दामले तसे होते. बोलणे थोडे, ऐकणे पुष्कळ.

1932 साली प्रभातचा अयोध्येचा राजा आला. मराठीतला पहिला बोलपट म्हणून तो गणला जातो. हरिश्चंद्राचे काम आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांचे. हे टेंबे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, पेटीवादनात त्यांचा हात धरणारा विरळा. तारामती झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे. कोल्हापुरात तयार झालेल्या या चित्राने लोकांना दाखविले की पुराणातला राजा स्मशानात उभा राहून गातो तेव्हा ते दुःख आपल्या अंगणातले होते. 1933 साली प्रभात पुण्याला गेली. दामल्यांनी कोल्हापूर सोडले, पण कोल्हापुरात घडलेला कान त्यांच्याबरोबर गेला.

आता मुख्य कथेकडे वळू. 1935 साली प्रभातने एकनाथ महाराजांवर धर्मात्मा काढला. दिग्दर्शन शांतारामांचे, संगीत मास्तर कृष्णरावांचे आणि नाथांच्या भूमिकेत प्रत्यक्ष बालगंधर्व. बालगंधर्वांच्या गळ्याबद्दल आपण काय बोलावे? पण पडद्याशी त्यांचे सूत जुळले नाही आणि एवढ्या एकाच चित्रावर प्रभातशी त्यांचा संबंध संपला. नाटकात गाणे हेच मुख्य, कथा त्याच्यासाठी थांबते. चित्रपटात कथा थांबली की प्रेक्षकाचे मनही थांबते. थोर गाणे आणि प्रसंगाला लागणारे गाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यावरून दिसून आले.

पुढच्या वर्षी संत तुकाराम करायचे ठरले. कथा शिवराम वाशीकरांची, दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे. तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांचे नाव पुढे आले तेव्हा कुरबुर झाली. पागनीस हे नाटकात स्त्रीभूमिका करणारे नट. पुढे त्यांनी संगीत शिकविण्याचे काम धरले होते. लुगडे नेसून रंगभूमीवर वावरलेला माणूस देहूचा वाणी कसा शोभेल, अशी शंका येणे साहजिक होते. पण पागनीस भजनाचे वेडे होते. त्यांना गाणे म्हणून दाखवायचे नव्हते, भजन करायचे होते. त्यांनी वीणा-चिपळ्या हाती घेतल्या, डोळे अर्धे मिटले, आणि शंका घेणारे गप्प झाले. पुढे घरोघरी तुकोबांची म्हणून जी तसबीर लागली, पूजेत बसली, ती पुष्कळ ठिकाणी पागनीसांच्याच चेहऱ्याची.

या चित्राचा आरंभ ज्यांनी पाहिला असेल त्यांनी आठवून पाहावा. तुकोबा विठ्ठलाच्या ध्यानात बसून अभंग म्हणत आहेत. चाल साधी. ताना नाहीत, हरकती नाहीत. शब्द एकेक स्वच्छ उमटतो आणि सूर त्याच्या पाठीशी उभा राहतो. लगेच पुढे सालोमालो दिसतो. तो तीच रचना आपली म्हणून गातो, नाटकी थाटाने, मुरके घेत. शब्द चोरता आले, भाव चोरता आला नाही. बुवांनी अर्धा तास निरूपण करून खरा भक्त आणि दांभिक यांतला भेद सांगावा, तो इथे चालीनेच सांगितला. प्रेक्षकाला कोणी म्हणाले नाही की हा ढोंगी आहे म्हणून. कानाने आधी ओळखले, मग डोळ्याने तसे पाहिले.

चित्रपटातल्या संगीताचे सारे मर्म या एका जागी आहे. ही गोष्ट पुढे परदेशांतल्या विद्वानांनी प्रयोग करून पाहिली. 1988 साली मार्शल आणि कोहेन या दोघी अभ्यासक बाईंनी एक मजेदार प्रयोग केला. पडद्यावर माणूस नाही, प्राणी नाही, नुसते दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे हलताना दाखविले. काहींना ते एका संगीतासह दाखविले, काहींना दुसऱ्या. संगीत बदलताच त्या निर्जीव आकृत्यांच्या स्वभावाबद्दल पाहणाऱ्यांचे मतही बदलले. त्रिकोणाला कसले राग-लोभ! पण नादाने त्याला स्वभाव दिला. जे चित्रातल्या त्रिकोणाला लागू, ते चेहऱ्याला किती लागू असेल! पागनीसांचा तो शांत, फारसा न हलणारा चेहरा. त्यावर आपण करुणा पाहतो, आनंद पाहतो, विरह पाहतो. त्यातला अर्धा भाग त्या अभंगाच्या सुराने आपल्या डोळ्यांना दाखविलेला असतो.

दामल्यांचे मोठेपण असे की त्यांना नादाची ही शक्ती कळली होती आणि तिचा माज त्यांनी केला नाही. सुराने माणसाला रडविणे अवघड नाही. सनई रडवी लावा, पाच माणसे डोळे पुसतील. पण ते रडणे थिएटरच्या दारात संपते. संत तुकारामात आवलीची भाकरीची काळजी, पोरांची भूक, म्हशीची उठाठेव हे सगळे रांगड्या बोलीत, साध्या आवाजात येते. गौरी नावाच्या नटीने आवली अशी केली की तिचा कडकडाट ऐकून आपल्याच घरातली चूल आठवावी. भजन आणि भांडण शेजारी शेजारी ठेवले आहे. भांडणामुळे भजन गोड लागते आणि भजनामुळे भांडणामागची माया कळते. अखंड वाजत राहिले असते तर दोन्ही गेले असते. आपल्या भजनातही टाळ थांबतात आणि एकटा वीणेचा झणत्कार राहतो, तो क्षण किती भरलेला असतो, हे अनुभवी माणसाला ठाऊक आहे.

न वाजविण्याचेही सामर्थ्य प्रभातने पुढच्याच वर्षी दाखविले. 1937 साली शांतारामांचा कुंकू आला. त्याचेही संगीत भोळ्यांचेच. त्यात पात्रांच्या मागे वाजणारे पार्श्वसंगीत ठेवलेच नाही. घरातले, रस्त्यातले खरे आवाज तेवढे ठेवले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीच्या त्या घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकला की कोणत्याही रागिणीपेक्षा अंगावर जास्त काटा येतो. ज्याला केव्हा गप्प बसावे हे कळते, त्याच्याच बोलण्याला किंमत. संगीताचेही तसेच.

12 डिसेंबर 1936 रोजी संत तुकाराम मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि एकाच थिएटरात 57 आठवडे चालला. 1937 साली इटलीतल्या व्हेनिस शहरच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठीचे अक्षर न कळणाऱ्या परदेशी माणसांना त्या चित्रात काय भावले असेल? शब्द कळले नसतील, पण टाळ-वीणेचा नाद आणि निर्मळ गळा यांना दुभाष्या लागत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण तीत आपल्या संप्रदायाचा प्रश्न आहे. या चित्रपटातली सगळीच पदे तुकोबांची नाहीत. बी आणि झाड यांचा दृष्टांत देणारे जे गाणे फार लोकप्रिय झाले, ते कवी शांताराम आठवल्यांनी नव्याने लिहिले. त्याची भाषा आणि चाल तुकोबांच्या वळणाशी इतकी जुळली की लोक ते तुकोबांचाच अभंग समजून चालले. जाणते लोकही गाथा उघडून ते शोधू लागले. आठवल्यांच्या लेखणीचा हा मोठा गौरव आहे, यात संशय नाही. त्यांनी ते तुकोबांच्या नावावर खपविले नव्हते. पण ऐकणाऱ्याने काय केले? पागनीसांचा गळा, विठ्ठलाची मूर्ती, चिपळ्यांचा नाद, हे सारे जुळून आले आणि कानाने परस्पर निकाल दिला की हे तुकोबांचे. ज्या नादाने सालोमालोचे ढोंग उघडे केले, त्याच नादाने नवे पद जुने म्हणून गळी उतरविले. नादाची ही दोन टोके आहेत. आपण फडावर उभे राहून चाली लावणारे लोक. आपण हे विसरून चालणार नाही. चाल गोड आहे म्हणून अभंग संतांचा होत नाही, आणि चाल साधी आहे म्हणून तो कमी होत नाही. गाथा उशाशी असावी, मग कान कितीही रमला तरी वाट चुकत नाही.

दुसरी शंका अशी की तिकीट काढून, खुर्चीत बसून, बाजाच्या सुरावर आलेले अश्रू ही काय भक्ती? ही शंका खोटी नाही. नाद माणसाला दारापर्यंत आणतो, आत जायचे की नाही हे त्याने ठरवायचे. कीर्तनातही तेच आहे. मृदंगाच्या गतीने डोललेला प्रत्येक जण घरी जाऊन नेम धरतोच असे नाही, म्हणून आपण मृदंग टाकून देत नाही. ज्या गावात कधी चांगला कीर्तनकार पोहोचला नाही, तिथे फिरत्या सिनेमाच्या तंबूतून तुकोबा पोहोचले. त्यातला एखादा पुढे गाथेकडे वळला असेल, एखाद्याने गळ्यात माळ घातली असेल. बाकीच्यांच्या कानात निदान नाम तरी राहिले.

पुढे दामले-फत्तेलालांनी 1938 साली गोपाळकृष्ण पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून, आणि 1940 साली संत ज्ञानेश्वर केला. माउलींच्या भूमिकेत शाहू मोडक होते, धर्माने ख्रिस्ती. संगीत पुन्हा केशवराव भोळ्यांचे. 1941 साली संत सखू आला. त्यात ते राजा नेन्यांसह दिग्दर्शक होते आणि सखू झाल्या होत्या हंसाबाई वाडकर. पेणचा ब्राह्मण, कागलचा मुसलमान, नगरकडचा ख्रिस्ती, आणि सर्वांनी मिळून गायची पंढरीनाथाची लीला. वाळवंटात जातपात विचारीत नाहीत, तसे या कंपनीतही कोणी विचारले नसावे. विठोबाला कोण चालते आणि कोण नाही, याचा निकाल त्यानेच दिलेला आहे.

पागनीसांनी तुकोबांनंतर तुलसीदास, नरसी भगत अशा भक्तांच्याच भूमिका केल्या आणि 1943 साली त्यांनी देह ठेवला. शांताराम 1942 साली प्रभातमधून बाहेर पडले होते. कंपनीचा वैभवाचा काळ उतरणीला लागला. दामलेमामांची प्रकृतीही ढासळली आणि 5 जुलै 1945 रोजी त्यांचे देहावसान झाले. वय 52 वर्षे. साहेबमामा 1964 साली गेले. पुण्यात जिथे प्रभातचा स्टुडिओ होता तिथे 1960 साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. देशभरातली मुले तिथे येऊन चित्र आणि ध्वनी यांची विद्या शिकतात.

दामल्यांनी स्वतः कधी अभंग रचला नाही, कीर्तन केले नाही, फडावर ते उभे राहिले नाहीत. यंत्रापुढे बसून आवाज जुळविणारा आणि देखावा उभारणारा कारागीर एवढीच त्यांची ओळख त्यांनी ठेवली. पण कारागिराचे कामही सेवा होऊ शकते. पखवाजाला शाई भरणारा कारागीर दिंडीत दिसत नाही. त्याचा हात मात्र प्रत्येक थापेत असतो. दामलेमामांचे तसे झाले. आजही कोणी तो जुना चित्रपट लावतो, पागनीस डोळे मिटून सूर लावतात, आणि समोर नुसती उजेड-अंधाराची चित्रे आहेत हे आपण विसरतो.

वाचक भाविकांना एवढेच सांगणे आहे की तो चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला तर पहिले भजन घडीभर डोळे मिटून ऐकावे आणि मग उघड्या डोळ्यांनी पाहावे. दामलेमामांनी काय करून ठेवले ते तेव्हा कळेल. आणि घरी आल्यावर गाथेचे पान उघडून त्यातला एक तरी अभंग, चाल येत असो वा नसो, आपल्या तोंडाने म्हणावा.

रामकृष्णहरि.